शोकसभा झाली, आता भाऊंच्या वह्या उघडू या

तालुक्यातील सर्व आयुर्विमा प्रतिनिधी बंधू-भगिनींस,

सप्रेम नमस्कार.

भाऊंची शोकसभा चांगली झाली. सभागृह भरले, आयुर्विमा महामंडळाचे विकास अधिकारी बोलले, शाखेतले निवृत्त कर्मचारी बोलले, आजूबाजूच्या गावांतून माणसे आली. भाऊ सचोटीचे होते, वेळेचे पक्के होते, घर आणि धंदा दोन्ही त्यांनी सारख्याच मायेने सांभाळले, असे प्रत्येकाने सांगितले आणि ते अक्षरशः खरे आहे. दोन दिवसांनी वहिनींनी एका कापडी पिशवीतून बारा वह्या पाठवल्या. सोबत निरोप एवढाच होता, की यातली माणसे आता तुमची. हे पत्र त्या बारा वह्यांविषयी आहे. घरच्यांच्या इच्छेवरून भाऊंचे नाव इथे लिहिलेले नाही. तालुक्यात विम्याचे भाऊ म्हटले की दुसऱ्या कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही, तेव्हा त्याची गरजही नाही.

भाऊंनी 1981 साली एजन्सी घेतली आणि अखेरपर्यंत चालवली. सातारा जिल्ह्याला विमा तेव्हा नवा नव्हता. अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 मध्येच साताऱ्यात वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली होती. पुढे 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरला 245 कंपन्या व संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ (एलआयसी) उभे राहिले. पण साताऱ्यात कंपनी असणे वेगळे आणि खटाव-माणच्या वाडीवस्तीवर एखाद्याने दरवर्षी हप्ता भरणे वेगळे. ते दुसरे काम सायकलवरून, मग लूनावरून, मग स्कूटरवरून फिरणाऱ्या माणसांनी केले. भाऊ त्यांतले.

वह्या बारा का, ते आधी सांगतो, कारण त्यांची पद्धत आपण सगळ्यांनी उचलण्यासारखी आहे. प्रत्येक महिन्याची एक वही. वार्षिक हप्त्याची पॉलिसी एका वहीत, सहामाही दोन वह्यांत, तिमाही चार वह्यांत. ओळीत पॉलिसी नंबर, नाव, गाव, टेबल (म्हणजे योजनेचा क्रमांक) आणि मुदत, विमारक्कम, हप्त्याची तारीख, नॉमिनी, फोन. मनीबॅकची, म्हणजे ठरावीक वर्षांनी काही पैसे परत देणाऱ्या पॉलिसीची, ओळ असेल तर पुढे तांबड्या पेन्सिलीने साले लिहिलेली: 2012 ला घेतलेल्या वीस वर्षांच्या मनीबॅकपुढे 2017, 2022, 2027, 2032. पैसे विमेदाराच्या खात्यात पडल्याचे पासबुकात पाहिले, की त्या सालावर बरोबरची खूण. खूण नाही म्हणजे पैसे मिळालेले नाहीत.

शेवटच्या रकान्याला भाऊंनी नाव दिले आहे ‘घर’. त्यात अशा नोंदी आहेत: ‘मुलगी बारावीला’, ‘वडील अंथरुणावर, हप्ता दिवाळीनंतर मागणे’, ‘सोसायटीचे कर्ज फिटले, बाँड परत आणायला सांगणे’ (बाँड म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद), ‘धाकटा वाशीला माथाडीत’. कुणाकडे हप्त्याच्या पंधरा दिवस आधी जायचे आणि कुणाला नुसता फोन पुरतो, ते भाऊ या रकान्यावरून ठरवत. पॉलिसी देतानाही हाच विचार असे. घेवड्यावर घर चालणाऱ्याचा हप्ता जूनमध्ये ठेवला तर बियाणे, खत आणि शाळेची फी यांत तो बुडणारच. म्हणून भाऊ सुरुवातीची तारीख ठरवतानाच विचारत, की तुमच्याकडे पैसा कोणत्या महिन्यात येतो. त्याच आर्थिक वर्षातली मागची तारीख घेऊन हप्ता त्या महिन्यावर आणता येत असे, तेव्हा त्यासाठीचे थोडे व्याज भरायला लावत. ऊसवाल्याचा हप्ता बिलाच्या महिन्यात, शिक्षकाचा पगारातून, दुकानदाराचा तिमाही. भाऊंच्या पॉलिसी हप्ता थकून फारशा बंद पडत (लॅप्स होत) नसत, त्याचे मूळ या एका प्रश्नात आहे.

आता प्रतिनिधी गेल्यावर काय होते, ते आपण सगळे जाणतो. पॉलिसी चालूच असतात, पण त्यांना विचारणारे कुणी उरत नाही. आपल्या बोलीत त्यांना ऑर्फन, म्हणजे अनाथ, पॉलिसी म्हणतात. हा शब्द भाऊंच्या विमेदारांना लागू नये, एवढ्यासाठी हे पत्र आहे. एक गोष्ट स्पष्टच मांडतो. या पॉलिसींवरचे नूतनीकरण कमिशन नियमाप्रमाणे भाऊंच्या वारसाला, म्हणजे वहिनींना मिळणार आहे. जुन्या पॉलिसींत चौथ्या वर्षापासून ते हप्त्याच्या 5 टक्के. वर्षाला 12,000 रुपये हप्ता असेल तर 600 रुपये. ओळी शेकड्यांनी आहेत, म्हणून वहिनींच्या घरखर्चाला त्याचा आधार आहे. म्हणजे सेवा आपण करायची आणि कमिशन तिकडे जाणार. ज्यांना हे मान्य आहे, त्यांनीच वही उचलावी. आणि ज्याने वही घेतली, त्याने पुढचे वर्षभर त्या घरांत नवे प्रपोजल (नव्या पॉलिसीचा अर्ज) घेऊन जाऊ नये. जुनी पॉलिसी सरेंडर करायला, म्हणजे मुदतीआधी मोडायला, लावून आपल्या एजन्सी कोडवर नवी लिहिणे तर मुळीच नको. त्यात विमेदाराचे वय वाढलेले, हप्ता वाढलेला, आधीचा बोनस तुटलेला, कंपनीला आक्षेप घेता येण्याची तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि वहिनींचे कमिशन बंद. चारही बाजूंनी नुकसान.

वही हातात आल्यावर पहिले काम प्रत्येक ओळीचा स्टेटस रिपोर्ट काढण्याचे. त्यात चार गोष्टी बघा: पहिला न भरलेला हप्ता कोणता, कर्ज आहे का, नॉमिनी कोण, बँक खाते जोडलेले आहे का. वहीतली नोंद आणि संगणकावरची नोंद जुळत नसेल तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि आधी त्याच घरी जा.

हप्त्याच्या बाबतीत सवलतीचे दिवस सगळ्यांना पाठ असतात, तरी घोळ होतो तो तिथेच. वार्षिक, सहामाही, तिमाहीला 30 दिवस, मासिकला 15. या दिवसांत विमेदार गेला तर थकलेला हप्ता कापून पूर्ण क्लेम मिळतो. त्यानंतर पॉलिसी लॅप्स. पण लॅप्स म्हणजे सगळे बुडाले असे विमेदाराच्या बायकोला परस्पर सांगून मोकळे होऊ नका. जुन्या पॉलिसींत तीन वर्षांचे हप्ते पूर्ण गेले असतील तर ती पेडअप होते, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी रकमेची होऊन टिकते. 2 लाखांची, 20 वर्षांची पॉलिसी 8 वर्षे भरून सोडली असेल, तर 80,000 रुपये पेडअप रक्कम आणि तोवरचा बोनस शिल्लक असतो. शिवाय जुन्या बाँडवर सवलतीचे एक कलम असते: तीन वर्षे हप्ते गेल्यावर पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून 6 महिन्यांत, आणि पाच वर्षे गेल्यावर 12 महिन्यांत मृत्यू झाला, तर थकलेले हप्ते कापून पूर्ण विमारक्कम. बाँडची मागची बाजू वाचल्याशिवाय क्लेमवर मत देऊ नका. नव्या योजनांच्या अटी वेगळ्या आहेत, त्या त्यांच्या कागदावर बघा.

रिव्हायव्हल करताना, म्हणजे बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करताना, भाऊ एका गोष्टीवर फार कडक होते. फॉर्म 680 वर तब्येतीची माहिती विमेदाराने स्वतः सांगायची आणि खरी सांगायची. ‘सगळीकडे नाही लिहा’ ही आपल्यातल्या काहींची सवय घातक आहे. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षे झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. पण ती तीन वर्षे पॉलिसी सुरू झाल्यापासून किंवा रिव्हायव्हलपासून, यांतले जे नंतरचे असेल तिथून मोजतात. म्हणजे पंधरा वर्षांची जुनी पॉलिसीसुद्धा रिव्हायव्हलनंतर नव्यासारखी तपासली जाते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना ‘नाही’ लिहिले, दोन वर्षांत माणूस गेला, दवाखान्याच्या केसपेपरवर जुना मधुमेह निघाला, की क्लेम अडकला. यात दोष विमेदाराच्या घरच्यांचा काहीच नसतो.

नॉमिनीच्या रकान्याला जास्तीत जास्त वेळ द्या. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर आईचे नाव असते. लग्न होते, मुले होतात, आई जाते, आणि बाँडवर तेच नाव राहते. मग वारसदाखल्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या. नॉमिनी अठरा वर्षांखालचा असेल तर अपॉइंटी (त्याच्या वतीने पैसे स्वीकारणारा) हवा आणि त्याची सही हवी, नुसते नाव पुरत नाही. मूल अठरा वर्षांचे झाले की बँक खाते त्याच्या सहीचे झाले का, ते बघा. आणखी एक जागा फसवी आहे. 2015 च्या आधी गृहकर्जासाठी बँकेकडे किंवा पतसंस्थेकडे पॉलिसी असाइन केली, म्हणजे तिचा हक्क लिहून दिला, की जुने नामनिर्देशन आपोआप रद्द होत असे. कर्ज फिटते, बाँड परत येतो, माणूस निश्चिंत होतो, आणि नॉमिनीचा रकाना मात्र कोराच राहतो. भाऊंच्या ‘घर’ रकान्यात कर्ज फिटल्याची नोंद दिसली, की ती पॉलिसी हमखास तपासा.

नावांचे तर विचारूच नका. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते, पुष्कळ घरांत पहिले नावही बदलत असे. बाँडवर सासरचे नाव, पासबुकात माहेरचे, आधारवर तिसरेच स्पेलिंग. माणूस हयात असताना हे जुळवायला विवाहनोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद आणि एक अर्ज पुरतो. तो गेल्यावर त्याच कामाला प्रतिज्ञापत्रे, साक्षीदार आणि सहा महिने लागतात. जन्मतारखेचेही तसेच. ज्यांची खरी तारीख घरी कुणाला ठाऊक नव्हती त्यांची शाळेत गुरुजींनी 1 जून लिहिली, आधारवर नुसत्या सालापुढे 1 जानेवारी पडली. शाळा सोडल्याचा दाखला पॉलिसीत वयाचा पुरावा म्हणून लागलेला असेल तर तो जपून ठेवा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्यायला सांगा. मुदत संपायला सहा महिने राहिले असताना हे बघितले तर वेळ मिळतो.

जीवन आनंदवाल्यांकडे तातडीने जायला हवे. टेबल 149 आणि त्यानंतरची नवी जीवन आनंद, यांत मुदत संपल्यावर विमारक्कम आणि बोनस मिळतो, पण विमा संपत नाही. हप्ता न भरता मूळ विमारकमेचे संरक्षण मरेपर्यंत चालू राहते आणि मृत्यूनंतर ती रक्कम वारसाला पुन्हा मिळते. पैसे हातात आले की लोकांना वाटते हिशेब मिटला. बाँड रद्दीत जातो, मुलांना कल्पनाच नसते. भाऊ अशा ओळीवर हिरवी रेघ मारत आणि मुदतीचे पैसे मिळाल्यावर मुलाला किंवा सुनेला समोर बसवून सांगत, की हा कागद अजून जिवंत आहे. बाराही वह्यांतल्या हिरव्या रेघा आधी एका कागदावर उतरवून घ्या.

पगारातून कपात होणाऱ्या शिक्षकांच्या पॉलिसींत गॅप, म्हणजे मध्येच न भरलेले हप्ते, शोधा. एका तालुक्यातून दुसऱ्यात बदली झाली, की जुन्या कार्यालयाने कपात थांबवलेली असते आणि नव्याने सुरू केलेली नसते. दोन-तीन महिने असेच जातात. पगारपत्रक कुणी बारकाईने वाचत नाही. ते दोन-तीन हप्ते वीस वर्षांनी व्याजासह मुदतीच्या रकमेतून कापले जातात, आणि मधल्या काळात काही बरेवाईट झाले तर त्याहून मोठी अडचण. बदलीची नोंद दिसली तर त्या महिन्यांची पगारपत्रके मागवून बघा.

परगावच्या विमेदारांचा प्रश्न वेगळा. पाटण-जावळीचे कितीतरी जण नवी मुंबईत माथाडी आहेत. खटाव आणि पलीकडे विटा-आटपाडीची माणसे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यात तामिळनाडूपासून बंगालपर्यंत पांगली आहेत. पत्ता मात्र अजून ‘मु. पो.’ गावाचाच. पूर्वी मनीबॅकचा चेक गावी येई आणि बंद घराच्या दारातून परत जाई. आता पैसे थेट खात्यात येतात, पण खाते जोडलेलेच नसेल तर तेही अडकतात. महामंडळाच्या संकेतस्थळावर पॉलिसी नंबर, नाव, जन्मतारीख, पॅन टाकून दावा न केलेली रक्कम शोधता येते. दहा वर्षांहून जुनी अशी रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते, पण म्हणून हक्क संपत नाही. त्यानंतरही 25 वर्षे दावा करता येतो. ज्या सालांवर बरोबरची खूण नाही, ती सगळी साले या पद्धतीने तपासायची आहेत.

परगावी असणाऱ्यांना आणखी एक धोका आहे. प्रतिनिधी वारल्याची बातमी पसरली, की फोन येऊ लागतात: तुमचे एजंट गेले, त्यांचे कमिशन आता तुम्हाला मिळेल, बोनस अडकला आहे, सोडवायला अमुक रक्कम भरा. पॉलिसी नंबर आणि हप्त्याची रक्कमसुद्धा बरोबर सांगतात, म्हणून माणसे फसतात. पहिल्याच भेटीत सांगून ठेवा की विमा नियामक संस्था कुणाला फोन करून बोनस वाटत नाही, आणि पॉलिसीसाठी कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे भरायचे नसतात. म्हणूनच या वह्यांच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. नॉमिनी, फोन, आजारपण, कर्ज, सगळे त्यात आहे. ते भाऊंवरच्या विश्वासाने सांगितलेले आहे.

क्लेमच्या वेळी काय लागते ते आपल्याला माहीत आहे: मूळ बाँड, मृत्यूदाखला, दावेदाराचा फॉर्म 3783, बँकेचा तपशील आणि रद्द केलेला चेक, ओळखपत्र. बाँड हरवला असेल तर हमीपत्र. तीन वर्षांच्या आतला मृत्यू असेल तर चौकशी होते, तेव्हा दवाखान्याचे कागद पहिल्याच दिवशी गोळा करा. पण अपघाताचे जास्तीचे पैसे बुडतात ते पहिल्या चोवीस तासांत. शेतात साप चावला, विहिरीत पाय घसरला, शॉक बसला, माणूस घरीच गेला आणि नातेवाइकांनी संध्याकाळी अंत्यविधी उरकला. ना पोलिसांत नोंद, ना पंचनामा, ना शवविच्छेदन. मूळ विमारक्कम मिळते, अपघात लाभ सिद्ध करता येत नाही. दुःखाच्या घरी हे बोलायला जीभ वळत नाही, तरी बोलावे लागते. भाऊ थेट घरात न बोलता एखाद्या जावयाला किंवा चुलत्याला बाजूला घेऊन दोनच वाक्यांत सांगत आणि स्वतः पोलीस पाटलाकडे जात. त्याच वेळी पासबुकही बघायला सांगत. 436 रुपयांची कपात दिसली तर पंतप्रधान जीवनज्योती विमा योजनेचे 2 लाख, 20 रुपयांची दिसली आणि मृत्यू अपघाती असला तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे 2 लाख. हे दावे बँकेतून करायचे असतात आणि घरच्यांना बहुधा ठाऊक नसतात.

एवढे करूनही क्लेम नाकारला गेला आणि तो अन्यायाने नाकारला असे वाटले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, आणि 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जायचे. कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

हे झाले विमेदारांचे. भाऊंच्या घराविषयी सभेत बरेच बोलले गेले, पण ते घर चालत कसे होते ते वह्यांतच दिसते. मार्चची वही उघडा. आपल्या धंद्यात मार्च म्हणजे काय, ते सांगायला नको. करबचतीसाठी सगळे शेवटच्या पंधरवड्यात जागे होतात, आणि वर्षाचा निम्मा धंदा त्या दिवसांत करणारे प्रतिनिधी आहेत. भाऊंच्या मार्चच्या वहीत काही वर्षांच्या पानांवर तांबड्या चौकटी आहेत आणि आत लिहिले आहे: ‘थोरलीचा गणिताचा पेपर’, ‘धाकटीचे इंग्रजी, सोडायला व आणायला’. त्या चौकटींत एकही भेट नाही. आई सहा वर्षे अंथरुणाला होत्या, त्या सगळ्या वर्षांत बाराही वह्यांच्या पहिल्या पानावर ‘दुपारी 12 ते 3 घरी’ अशी ओळ आहे. विमेदारांना ही वेळ माहीत होती आणि त्या वेळात कुणी फोन करत नसे.

लोखंडी कपाटातली त्यांची फाइल वहिनींनी दाखवली, आणि वहिनींच्या परवानगीने तिच्याविषयी लिहीत आहोत. पहिल्या पानावर मथळा आहे, ‘मी नसताना’. खाली भाऊंच्या अक्षरात क्रमाने कामे. मृत्यूची नोंद 21 दिवसांत, दाखल्याच्या दहा प्रती घेणे. माझा मोबाइल नंबर सहा महिने बंद करू नये, रिचार्ज चालू ठेवावा, ओटीपी त्यावर येतात. माझ्या एटीएम कार्डाने पैसे काढू नयेत, बँकेला कळवावे. शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तीन महिने कुणाच्याही सांगण्यावरून कुठेही पैसे गुंतवू नयेत, आपल्या माणसाने सांगितले तरी नाही. मग पॉलिसींची यादी, प्रत्येकीपुढे रक्कम आणि बाँड कुठल्या कप्प्यात आहे ते. दर पाडव्याला ओवाळणी झाल्यावर दोघे हे पान एकत्र वाचत, बदल असेल तर नवे पान लिहीत आणि खाली दोघे सही करत. जुनी पानेही मागे लावलेली आहेत. वहिनींनी यंदा कुणालाही न विचारता, त्या पानावरच्या क्रमानेच सगळी कामे केली.

त्या यादीतली एक पॉलिसी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेली आहे. आपण हे कलम विमेदारांना क्वचित सांगतो. विवाहित पुरुषाने बायको-मुलांसाठी अशी पॉलिसी घेतली, की ती रक्कम विश्वस्त निधी बनते. नवऱ्याच्या घेणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. मात्र हे प्रपोजल भरतानाच लिहून द्यावे लागते, नंतर जोडता येत नाही. ज्याच्या डोक्यावर धंद्याचे कर्ज आहे, ज्याने दुसऱ्याला जामीन राहून सही केली आहे, त्याच्या घराला याचा फार मोठा आधार होतो. भाऊ स्वतः एकदा पतसंस्थेत जामीन राहिले होते. त्याच वर्षी त्यांनी ही पॉलिसी घेतलेली दिसते.

आता आपल्या घरांकडे या. दुसऱ्यांच्या नॉमिनीची काळजी करणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांनी स्वतःच्या एजन्सीच्या फायलीतला नॉमिनी गेल्या दहा वर्षांत पाहिला आहे? पश्चात मिळणारे कमिशन, ग्रॅच्युइटी, प्रतिनिधींचा गट विमा, सगळे त्या एका नोंदीवर येऊन थांबते. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने महामंडळाच्या प्रतिनिधींची ग्रॅच्युइटीची मर्यादा 3 लाखांवरून 5 लाखांवर नेली आणि मुदत विम्याचे संरक्षण 25,000 ते 1,50,000 रुपयांपर्यंत वाढवले. हे आपल्या घरी कुणाला ठाऊक आहे का? भाऊंच्या फाइलीत त्या बातमीचे कात्रण आहे आणि बाजूला लिहिले आहे, ‘हिला सांगितले’.

वाटणी अशी सुचवतो. वह्या महिन्यांप्रमाणे नको, गावांप्रमाणे वाटू, म्हणजे एका घरी चार जण जाणार नाहीत. जो ज्या पट्ट्यात फिरतो, त्याने तिथल्या ओळी स्वतःच्या वहीत उतरवून घ्याव्यात. मूळ वह्या वहिनींकडे परत जातील. मुंबई आणि परराज्यांतल्या विमेदारांचे फोन तरुण प्रतिनिधींनी घ्यावेत. सेवेसाठी या पॉलिसी कुणाकडे राहतील, त्याचा लेखी अर्ज शाखेत देऊ, तोंडी काही ठेवायचे नाही. विमेदाराकडून रोख हप्ता घेतला तर त्याच दिवशी भरायचा आणि पावती दुसऱ्या दिवशी पोचवायची. भाऊ रात्री घरात हप्त्याचे पैसे ठेवत नसत, ही शिस्त त्यांच्या ओळींसाठी तरी पाळू. तीन महिन्यांनी पुन्हा बसून कोणत्या ओळी तपासून झाल्या, कोणत्या राहिल्या ते बघू.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, नेहमीच्या ठिकाणी या. येताना कोरी वही आणि तांबडी-हिरवी पेन्सिल आणा. चालू महिन्याच्या वहीत या पंधरवड्याच्या अकरा ओळी बाकी आहेत. पहिली 14 तारखेची आहे, वार्षिक हप्ता, एकट्या राहणाऱ्या एका आजींची, आणि ‘घर’ रकान्यात लिहिले आहे: ‘डोळ्याचे ऑपरेशन झाले, फोनवर नंबर दिसत नाही, स्वतः जाणे, संध्याकाळी पाचनंतर’. तिथे कोण जाणार, ते रविवारी सर्वांत आधी ठरवू.

आपले,
भाऊंबरोबर काम केलेले काही ज्येष्ठ प्रतिनिधी